सरकी दाताखाली धरून दिलेली परीक्षा

दिवाळीनंतरचा दुसरा सोमवार, सकाळचे अकरा. कोर्सची रक्कम सहा हजार रुपये: चार ग्रेडर, माणशी दीड हजार, पगारातून कापलेले. हजर: जिनिंगचे शेठ, प्रशिक्षण कंपनीचा माणूस, चौघे ग्रेडर आणि कारकून म्हणून मी.

कापसाची प्रत यापुढे मोबाइलवरचा कोर्स पास झालेलाच माणूस ठरवेल, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं. सहा तासांचे व्हिडिओ, मग चाळीस प्रश्न. तिसाखाली गुण पडले तर पुन्हा दीड हजार, आणि तोवर कापसाला हात लावायचा नाही. त्या साली भाव पडलेले होते, गाड्या कमी येत होत्या. एखादा ग्रेडर कमी करायला शेठना निमित्त हवंच होतं.

चौघांत जुने होते ते भाऊ. सव्वीस हंगाम तिथेच काढलेले. त्यांचा फोन साधा, म्हणून मी माझा दिला. बाकी तिघांनी फोन गाठोड्यावर चालू ठेवून चहा घेतला आणि कंपनीच्याच माणसाकडून उत्तरं मागवली. मला ते पटलं नाही. मी एकेक प्रश्न मोठ्यानं वाचला आणि भाऊ म्हणतील तेच दाबलं.

‘कापसातला ओलावा कसा तपासाल?’

“सरकी दाताखाली धरतो. कडकन फुटली तं कोरडा, चेपली तं ओला.”

“भाऊ, इथे मीटर असंही लिहिलंय.”

“मीटर दोन सालापासून बंद पडून आहे बाबूजी. खोटं कायले लिवता?”

मी ‘पारंपरिक पद्धतीने’ दाबलं. अशी अकरा उत्तरं चुकली. गुण एकोणतीस.

शेठ हसले. “बाबूजी, तुमच्या इमानदारीनं भाऊले गेटवर बसवलं.”

बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त झोंबलं. साडेचारशे रोजाचा माणूस तीनशे रोजावर गाड्यांचे नंबर लिहू लागला. आत पास झालेले तिघे बंद मीटरपुढे उभे राहून ओलावा ‘आठ टक्के’, म्हणजे कापूस कोरडा, असं लिहीत होते. रजिस्टर माझ्याच टेबलावर यायचं. रोज तोच आकडा! पाऊस झालेल्या गावचा कापूसही आठ टक्के!

अकराव्या दिवशी कापसाच्या ढिगातून वाफ निघाली. हात घातला तर आत चटका बसला. शेठ स्वतः गेटवर धावले.

“भाऊ, पाहून घ्या ना जरा.”

“मले कुठं सर्टिफिकेट आहे शेठ?”

तरी ते उठले. पाच जागची सरकी चावली, दोन चेपल्या त्या थुंकल्या. “हा कोपरा आत्ताच उकरा. नाही तं आग लागन.” हमालांनी ढीग फोडला. आतला कापूस पिवळा पडला होता.

मला वाटलं, आता तरी शेठ तो कोर्स कचऱ्यात टाकतील. ते म्हणाले, “आता लवकर पास करून टाका यांना.”

त्याच दुपारी भाऊंना न विचारता मी पुन्हा चाळीस प्रश्न सोडवले. ओलाव्याला मीटर दाबलं. गुण अडतीस. भाऊंनी सर्टिफिकेटचा कागद पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. ते मीटरचं उत्तर मला अजून सलतं.

फेरपरीक्षेचे दीड हजार मी माझ्या खिशातून कंपनीला दिले. भाऊंना शेठनी अकरा दिवसांचे तीन हजार तीनशे दिले, गेटच्या दरानं. ढीग वाचवला तो दिवसही त्यातच धरला. रोजातल्या फरकाचे राहिलेले सोळाशे पन्नास मी शेठकडे तीनदा मागितले. ते त्यांनी भाऊंना दिले नाहीत.