हमीदाचे हवेचे शब्द

बोरी अरबच्या बसथांब्याजवळ शकीलचं पंक्चरचं दुकान. त्याची बायको हमीदा चाळिशीला टेकली आणि तेव्हा तिच्या मनानं घेतलं, दहावी द्यायची. वस्तीतल्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघणार होती, त्या जागेला दहावी पास बाई हवी होती. आठवीतून उठून थेट लग्नाला उभी राहिलेल्या हमीदानं बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. कापसानं सगळ्यांना झोपवलेली ती वर्षं. शेतकऱ्यांच्या गाड्या दारातच उभ्या, म्हणून शकीलचं दुकानही थंड. घरात दुसरी मिळकत यावी हे त्याला पटत होतं. गावाला कळावं हे काही पटत नव्हतं.

"कोणापाशी बोलजो नको," तो म्हणाला. "नापास झाली तं लोक मले दुकानात बसू देनार नाहीत."

परीक्षेचं केंद्र दारव्ह्याला आलं, मग दर पेपरला एकच बहाणा. हमीदाची आईही तिथंच राहायची, तिची तब्येत बिघडली म्हणायचं. ती म्हातारी त्या वेळी गच्चीवर चढून खुशाल कुरडया वाळवत असायची! हमीदा एसटीनं एकटी जायची, चोरी करायला निघाल्यासारखी. इंग्रजीपेक्षा तिला हेच जास्त लागायचं. नवऱ्यानं एकदा चारचौघांत तोंड उघडून सांगावं, माझी बायको शिकते आहे, एवढंच तिला हवं होतं.

इंग्रजीनं मात्र परीक्षेच्या कितीतरी आधीपासूनच तिचा घाम काढला होता. स्पेलिंगं पाठ व्हायची आणि सकाळी उडून जायची. मुलगी जेबा यवतमाळच्या कॉलेजात होती, ती सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "अम्मी, रटू नको. शब्द फोडून पाहा. एरो हा जुन्या ग्रीक लोकांचा शब्द, त्याचा अर्थ हवा. तो कळला की कितीतरी शब्द आपोआप उलगडतात."

ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधत बसलेल्या शकीलचे कान टवकारले. "हवेचं हाय का? मंग हे तं आपल्याच धंद्यातलं निघालं!"

त्या दिवसापासून नवराच मास्तर झाला. ट्यूब पाण्यात इंच इंच फिरवून तो भोक शोधायचा, तसाच शब्दही फिरवायला लावायचा. हवा कुठं आहे सांग, आणि उरलेलं काय ते सांग. एरोप्लेन झालं, विमान उतरायचं ते एरोड्रोम झालं, डास मारायच्या डब्यातला फवारा म्हणजे एरोसोल झाला.

"अन् एरोबिक्स कायले म्हन्ते?" तो विचारायचा. हमीदा भांडी घासता घासता सांगायची, "भरपूर हवा घेत करायची कसरत."

"म्हंजे बोरिंगवरून पानी आनता तेच ना? त्याचे लोक पैसे देतेत?" दोघंही हसायची. ही हसणारी संध्याकाळ त्यानं गावापासून का लपवावी, हे हमीदाला कळत नव्हतं.

इंग्रजीच्या पेपरला एसटी आलीच नाही. कापसाची खरेदी बंद पडली म्हणून शेतकऱ्यांनी दारव्हा रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. हमीदा थांब्यावरून धावत दुकानात आली. शकीलनं दुकान तसंच टाकलं आणि तिला मोटारसायकलवर बसवलं.

गाड्यांपुढं रामराव उभे होते, चांगले कापूसवाले शेतकरी आणि शकीलचं जुनं गिऱ्हाईक. निम्मं गाव त्यांच्या मागं होतं. "दवाखान्याच्या अन् परीक्षेच्या लोकायले जाऊ देऊन राह्यलो आमी," ते म्हणाले. "भाभीच्या आईले जास्त झालं का? जा बावा, जा लवकर."

वाट मोकळी झालीच होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. हमीदानं मागं डोळे मिटून घेतले, आता हा पुन्हा आईला आजारी पाडणार.

शकीलनं गाडी बंद केली.

"काका, आई ठनठनीत हाय. हिचा पेपर हाय, दहावीचा. इंग्रजीचा. इतके दिवस मी खोटं बोललो तुमाले."

मग मागून कोणीतरी खिदळलं, "या वयात? भाभी, म्हना बरं एखादा इंग्रजी शब्द!"

ते काही वाईट मनानं नव्हतं. "एरोप्लेन," ती म्हणाली. "एरोड्रोम." पुढं सगळं कोरं. इतकी तोंडं आपल्याकडं बघताना तिनं जन्मात पाहिली नव्हती.

"एरोसोल," हँडल धरलेला शकील मोठ्यानं म्हणाला. "एरोबिक्स. अन् एरोनॉट, म्हंजे हवेतून जानारा मानूस. सारे येतेत तिले. रोज मीच तं घोकून घेतो."

रामराव हसले आणि त्यांनी स्वतः बैलाचा कासरा धरून गाडी अजून बाजूला घेतली. शकीलनं किक मारली. गर्दीतून बाहेर पडताना हमीदानं, गावासमोर कधी ठेवला नव्हता तो हात, नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि दारव्हा येईपर्यंत काढला नाही.