दुसरं बोलावणं

गावात बायकांत काम करू शकतील अशा मुलींना पुण्याची एक संस्था वर्षभर शिकवणार होती, वर विद्यावेतनही देणार होती. माझी फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, झाली होती. तात्यांनी, म्हणजे वडिलांनी, एवढंच सांगितलं, "निवड झाली तर बघू. न्हाय तर माघात इंदापूरचं स्थळ नक्की करायचं."

निवड करणाऱ्या बाई आमच्या गावी, कऱ्हाटीला, येणार होत्या. मी बालवाडीबद्दल बोलण्यासाठी आळीतल्या बायका जमवायच्या आणि बाई ते बघणार, असं ठरलं. दुपारची वेळ मीच सुचवली. सकाळी वांग्यांची तोडणी असे आणि दिवस कलला की बारामतीच्या बाजारासाठी गाड्या भरायच्या. बायकांना मोकळीक असे ती मधल्या वेळातच.

बाई वेळेवर आल्या. देवळासमोर मी सतरंज्या टाकल्या होत्या, पाण्याचा घडा भरून ठेवला होता. माणूस मात्र एकही नव्हतं.

"कुणी आलं नाही?"

"येतील. अजून बोलावलं नाही."

"मग काल काय केलंस?"

"काल आवतण दिलं. बोलवायचं आज."

बाईंच्या कपाळावर आठी पडली. तात्या कट्ट्याशी उभे होते.

मी निघाले, तशा बाईही चपला घालून माझ्यामागे आल्या. साताठ वर्षांची असल्यापासून बारशाची, हळदीकुंकवाची आवतणं देत मी फिरले होते. ऐनवेळच्या दुसऱ्या बोलावण्याआधी जाऊन बसणारीला आमच्याकडे हावरट म्हणत. पहिलं घर चुलत आजीचं, कारण ती उठल्याशिवाय बाकीच्या उठत नसत. ती लुगडं बदलून, तंबाखू मळत तयारच बसली होती.

"किती येळ गं! मला वाटलं, शाळा शिकून इसरलीस."

पुढं दोन जावा होत्या. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून त्यांचं बोलणं बंद होतं. थोरलीकडे मी मागच्या परड्यातून गेले आणि धाकटीकडे पुढच्या दारानं.

"ती येणार हाय का?" धाकटीनं विचारलं.

"तुमी या. जागा लई हाय."

"म्हंजी येणार हाय," असं म्हणत तिनं पदर सारखा केला आणि निघाली.

दारं उघडत गेली. ओल्या मेथीचा वास, कडेवरची पोरं, एकमेकींना मारलेल्या हाका सगळं आमच्यामागून येत होतं. हल्ली ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून एकदाच सांगतात आणि सभा भरते. ती पद्धत सोयीची आहे, मीही वापरते. पण कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कोण रुसलंय, कुणाचं पोर तापलंय, हे भोंग्याला कळत नाही. ती आळी आठवली की मला अजून हातचं काम सोडून उठावंसं वाटतं.

सतरंज्या अपुऱ्या पडल्या. पोरं कुठं बसवायची आणि त्यांना कोण बघणार, यावर तासभर वाद झाला. दोघी जावा दोन टोकांना बसल्या होत्या, पण बोलल्या दोघीही. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. शेवटी त्या तात्यांकडे वळल्या.

"मुलीला जूनमध्ये पाठवा. तिला मी घेतलं."

तात्यांनी पागोटं काढलं, झटकलं, पुन्हा घातलं. "तितं जेवायखायाची काय सोय?"

आजी मागून कडाडली, "सोय काय इचारतोस! येवढ्या बाया गोळा करती, तिला भाकरी मिळंना व्हय?"

बायका खळखळून हसल्या. धाकटी जाऊ म्हणाली, "तात्या, इंदापूरवाल्यांस्नी सांगा, पोरगी रिकामी न्हाय."

तात्या हसले नाहीत. त्यांनी बाईंना हळू आवाजात विचारलं, "पुण्याची गाडी बारामतीलाच मिळंल, का दौंडला बदलावी लागंल?"