घडीत गेलेला चेहरा

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, आणि माझ्या पुस्तकांतला प्रत्येक म्हातारा म्हणजे माझे बाबा. राजा तेच, पोस्टमास्तर तेच, ढेरपोटं अस्वलही तेच. अस्वलासाठी त्यांना उशी कवटाळून बसवलं होतं. फोटोवरून मला जमत नाही, समोर माणूस लागतो. बाबा बसायचे, पण कुरकुरत. पुस्तक छापून आलं की वर्तकनगरहून मी ते डोंबिवलीला भावाकडे घेऊन जायची. बाबा चष्मा पुसून पानं उलटायचे, स्वतःला शोधून काढायचे आणि म्हणायचे, "नाक मोठं काढलंयस." दर वेळी हेच, आणि दर वेळी मी चिडायची.

मग बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग मानपाड्याचा रस्ता, जिथल्या कारखान्यात त्यांनी उभा जन्म नोकरी केली. एकदा माझ्यादेखत वहिनीला म्हणाले, "या बाई कोण?" मी हसले. घरी येऊन दोन दिवस ब्रश हातात धरवेना.

तेव्हा नवं पुस्तक अंगावर होतं: आजोबा नातीचा हात धरून खाडीवर पक्षी बघायला जातात. बाबांना समोर बसवलं की लगेच उठून जायचे. शेवटी जुन्या रेखाटनांवरून काढले. डोक्यात एकच घोळत होतं, या पुस्तकात त्यांनी स्वतःला ओळखलं पाहिजे. ओळखलं, तर ते अजून आहेत. हे कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, माझ्याच घाबरट डोक्याचं होतं. पण एकदा शिरलं ते शिरलंच.

म्हणून आजोबांचा चेहरा मी एकाच मोठ्या, दोन पानी चित्रासाठी राखून ठेवला. बाकी सगळीकडे ते पाठमोरे, नाहीतर छत्रीआड. फार शहाणी ना मी!

एरवी प्रत्येक पुस्तकाची मी कागद दुमडून, टाचून एक डमी करते. ती उलटून बघितली की कुठलं चित्र मधल्या घडीत जातंय ते कळतं. या वेळी दवाखान्याच्या खेपांत ती राहून गेली. स्क्रीनवर काय, दोन्ही पानं सपाट दिसतात. पुस्तक हातात आलं आणि मी आधी ते मोठं चित्र उघडलं. डाव्या पानावर एक कान, उजव्यावर दुसरा, आणि मधले आजोबा बांधणीत गडप.

संपादकाला फोन केला. "ताई, मुलांच्या लक्षातसुद्धा येणार नाही," तो म्हणाला.

"मुलांचं कोण बोलतंय?" मी त्याच्यावर उगाचच ओरडले.

पुस्तक आठवडाभर पिशवीतच ठेवलं. मग वहिनीनेच फोन करून बोलावलं.

"या, बसा," बाबा मला म्हणाले. पाहुणीला म्हणतात तसं. वहिनीने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते सावकाश पानं उलटू लागले. पाठमोरे आजोबा गेले, छत्री गेली. ते मोठं चित्र आलं. बाबा थांबले. नातीवर बोट ठेवून वहिनीला म्हणाले, "ही आमची मुलगी."

ती नात मी मनानेच काढली होती.

बोट नातीच्या हातावरून आजोबांच्या बाहीवर गेलं, बाहीवरून खांद्यावर, आणि घडीशी येऊन अडलं. पुस्तक हिसकावून घ्यावंसं वाटलं मला. बाबांनी दोन्ही तळवे पानांवर ठेवले आणि होता नव्हता तो जोर लावून दाबलं. पुस्तकाची पाठ कडकन वाजली.

"बाबा, अहो फाटेल ते!" वहिनी ओरडली.

"फाटू दे," मी म्हणाले.

दोन्ही पानं गोंदातून सुटून त्यांच्या हातात आली. त्यांनी ती मांडीवर शेजारी शेजारी ठेवली, कडेला कड जुळवली आणि वाकून बघत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मी खिडकीबाहेर वाळत घातलेल्या चादरीकडे बघत राहिले.

"नाक मोठं काढलंयस," बाबा म्हणाले.