बर्फाने ओरखडलेली सवत

सवत माणसाची असेल तर तिच्याशी भांडता येतं. झिंज्या धरता येतात, निदान चार शिव्या तरी हासडता येतात. माझी सवत होती दगडाची. काळपट, वीतभर लांब, एका अंगाने सपाट, आणि त्या सपाट अंगावर सरळ ओरखडे. तळोद्याच्या आमच्या घरात पुढच्या खोलीतल्या कोनाड्यात ती बसायची, आणि तिच्याकडे बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आमचे मास्तर लग्नाआधी एका मोजणीवाल्या साहेबाबरोबर हिमालयात जाऊन आले होते, नकाशे काढायला. तिथून हा दगड आणला. मग काय विचारता! पाहुणा आला, शाळेतली पोरं आली, की दगड कोनाड्यातून उतरायचा. धोतराच्या सोग्याने पुसायचे त्याला. माझ्या कपाळावरचा घाम कधी पुसला नाही या माणसाने. आणि मग सुरू: फार फार पूर्वी जगात थंडी पडली होती, तेव्हा तिथल्या डोंगरांतून बर्फाच्या नद्या पार खालच्या दऱ्यांपर्यंत उतरल्या. इतक्या सावकाश, की उभं राहून बघितलं तरी हलताना दिसायच्या नाहीत. पण पोटात दगडगोटे धरून त्या डोंगर घासत यायच्या. पुढे ऊब आली, बर्फ वर वर सरकला. मागे राहिले दगडांचे ढिगारे आणि हे ओरखडे.

पाहुणा विचारायचा, "आणि आपल्या सातपुड्यात?"

"छे! आपल्याकडे कुठला बर्फ? हा पृथ्वीच्या पोटातल्या तापलेल्या रसाचा थिजलेला डोंगर," म्हणून हात झटकायचे. दारातून दिसणारा सातपुडाही माझ्यासारखाच, घरचा म्हणून बिनकिमतीचा.

हे सगळं मी मधल्या दाराआडून ऐकायची, कधी धान्य निवडताना, कधी सारवताना. पाहुण्यांशी ते शाळेतलं मराठी बोलत. माझ्याशी घरची अहिराणी, तीही चहापाण्यापुरती. एकदा पाहुणा यायच्या आधी धीर करून म्हटलं, "माले बी सांगा ना ती बरफनी गोट."

वर न बघता म्हणाले, "तुले काय समजनार शे त्यामा? चहा ठेव."

चहा ठेवला. साखर घातली नाही. पाहुण्यासमोर निमूट प्यायले.

अहो, मला दगड नको होता, हिमालय नको होता. एकदा माझ्यासमोर बसून मला सांगावं, एवढंच हवं होतं.

मग आखाजी आली, आमची अक्षय्य तृतीया. सासूबाईंना आधीपासून वाटायचं, लेकाने बद्रीकेदाराकडचा देव आणलाय आणि तसाच उघडा ठेवलाय. आमच्याकडे दगडाला शेंदूर लागायला कितीसा वेळ! सणाच्या सकाळी घागर भरून झाल्यावर म्हातारीने तेलात शेंदूर कालवला आणि दगड वरपासून खालपर्यंत लिंपला. हे आंघोळ करून आले, बघितलं, नि तोंडचं पाणीच पळालं. पण आईला काय बोलणार? शेंदूर लागलेला दगड खरवडायचा म्हणजे घराचं वाटोळं, हे कुणीही सांगेल. ओरखडे गेले शेंदराखाली. दाखवायला काही उरलं नाही, तशी गोष्टही बंद पडली.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! गाणी म्हणत भाकरी थापल्या. पण सासूबाईंनी पूजा माझ्याच गळ्यात घातली. रोज सकाळी सवतीला पाणी, फूल, दिवा! घ्या, आगीतून फुफाट्यात. वर शेजारपाजारच्या बाया पाया पडायला येऊ लागल्या.

एका दुपारी मी ओसरी सारवत होते. पाया पडून निघालेल्या बायांतली एक म्हणाली, "मास्तरीनबाई, हाऊ कोनता देव शे वं? कोठेन उना?"

"देव कसाना वं? बरफनी नदीना दगड शे तो," तोंडातून निघूनच गेलं. आणि मग मी थांबलेच नाही. थंडी सांगितली, दऱ्या सांगितल्या, दगडांचे ढिगारे सांगितले. ओरखड्यांपाशी आले तेव्हा ओल्या सारवणावर हाताखाली खडा धरला आणि तळवा ओढला. लांब रेघ उठली. "हात म्हनजे बरफ," म्हटलं, "भुई म्हनजे डोंगर. हात उचली ले, तरी रेघ ऱ्हास." बाया तोंडात बोटं घालून बघत राहिल्या.

मागे चपला वाजल्या. मास्तर शाळेतून येऊन उभे होते, कधीचे कोण जाणे. बाया पदर सावरून निघून गेल्या. हे त्या रेघेकडे बघत राहिले. अशी रेघ त्यांनी कधी कुणाला दाखवली नव्हती. कुठून दाखवणार, जन्मात कधी सारवलंय का? मग माझ्याकडे बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं टक लावून पहिल्यांदाच.

"तुले हाई कोनी सांगं?" आवाज नेहमीचा नव्हता. रस्त्यावर एक नजर टाकली, पुन्हा माझ्यावर. "कोनी? कोन उनथा घरमा?"

माय वं! घरात कोण आला होता, म्हणे! आता जळायची पाळी त्यांची होती. 'तुम्हीच, दाराआडून' एवढं म्हटलं असतं तरी मिटलं असतं. मी शेणाची पाटी उचलली.

"चहा ठेवस," म्हटलं, आणि आत गेले.