ग्रह वाचवणारी बाई

वरूडच्या बसमध्ये माझ्या शेजारची बाई मोबाइल पाहून वहीत आकडे लिहून राहिली होती. म्हणे, अंतराळाचा खेळ आहे. जगभरचे लोक मिळून ग्रह वाचवतात.

“खेळात कायचे आकडे, बाई?”

“काका, ग्रह कशानं वाचते, हे खेळ सांगतच नाही. कोणत्या ग्रहावर किती लोक, हे महिनाभर मोजलं तवा समजलं. लोक चार ग्रहांवर पांगले, की चारही जातात.”

तिनं ते सगळ्या खेळणाऱ्यांना लिहून पाठवलं. सगळे एकाच ग्रहावर धावले आणि मोर्शी यायच्या आत तो वाचला.

मी हादरलोच. एवढ्या कष्टाचं गुपित हिनं अनोळखी लोकांना फुकट वाटलं!

“मी चाळीस वर्षं संत्र्याच्या बगीच्यात किती माल आहे, हे नुसत्या नजरेनं सांगतो. कसा, ते सख्ख्या भावालेही सांगितलं नाही.”

“मले सांगा नं, काका.”

वरूड येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.