उतारावरची चावी

आमच्याकडे उतार दिसला की गाडी चालवणाऱ्याचा हात आपोआप चावीकडे जातो. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, इंजिन बंद करायचं आणि रस्ता सपाट होईपर्यंत फुकटात खाली जायचं. टेम्पोवाले हे करतात, पिकअपवाले करतात, आणि गाडीत पाहुणे असले की नोकरदार लोक मुद्दाम करून दाखवतात. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, त्यांनी तर हे व्रतासारखं पाळलं. येडशीहून रामलिंगाच्या देवळाकडे उतरताना त्यांनी इंजिन चालू ठेवलेलं मला एकदाही आठवत नाही. "गाडी आपली आपण जातीय की, जाळायचं कशाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लहानपणापासून या वाक्याचा मला संताप येत आलाय.

संताप उगाच नाही. ब्रेक हलका लागावा म्हणून गाडीत बूस्टर नावाचा एक डबा असतो. जुन्या गाडीत तो इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालतो. इंजिन बंद केलं की एक-दोनदा ब्रेक मारण्यापुरता जोर त्यात शिल्लक राहतो, मग पॅडल दगडासारखं घट्ट होतं. नानांची गाडी माझ्या लग्नाच्या आधीची. तिचं इंजिन इतकं थकलेलं की ते चालू असतानाही ब्रेक जडच लागायचा. त्यात नानांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पायातला जोर गेला.

पुण्याहून भावाने फोनवर निकाल देऊन टाकला, गाडी विका. फोनवरून निकाल द्यायला काय जातं? कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून नाना रोज सकाळी धाराशिवहून तेरला शेतावर जातात, दुपारी परत येतात. तेवढाच त्यांचा दिवस. "गाडी गेली तर म्या घरात बसून काय करू?" असं ते आईला विचारत होते, आणि आई भाजी निवडत होती. मी भावाला सांगितलं की गाडी विकायची नाही, ब्रेक बदलायचा.

मी आयटीआयमध्ये मुलांना वायरमनचा ट्रेड शिकवते. नव्या गाड्यांमध्ये विजेवर चालणारा बूस्टर येतो, हे मला माहीत होतं. त्याला स्वतःची मोटर असते, तो बॅटरीवर चालतो, इंजिन चालू असो की बंद. सोलापूरच्या भंगार बाजारात एका ठोकलेल्या गाडीतला असा बूस्टर मिळाला. तो घेऊन मी गॅरेजात गेले तर मेकॅनिकने माझ्या मागे बघत विचारलं, "साहेब न्हाय आले?" साहेबांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, फ्यूज बदलता येत नाही. पण मी रागावर ताबा ठेवला आणि त्याला नीट सांगितलं, याची मुख्य वायर थेट बॅटरीवरून घ्या, चावीवरून नको. चावी बंद असली तरी पॅडलवर पाय पडला की हा जागा झाला पाहिजे. "व्हय ताई," तो म्हणाला. दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हाही तो "व्हय ताई"च म्हणाला.

काम करताना त्याने गाडीतली मॅटं काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. नानांच्या बाजूचं मॅट बरं होतं. डावीकडच्या, म्हणजे आईच्या बाजूच्या मॅटाला मात्र पुढे टाचेएवढं भोक पडलेलं होतं. मी विचारलं तर तो म्हणाला, "उंदरानं खाल्लं आसंल." मीही पुढे काही विचारलं नाही.

गाडी मिळाली तसा आईने रामलिंगाला नारळ फोडायचं काढलं. चाकाखाली लिंबं ठेवून निघालो. नाना चालवत होते, शेजारी आई, मागच्या सीटवर मी. नाना खूश होते. दर चौकात गरज नसताना ब्रेक दाबून बघत होते. "अंगठा ठिवला तरी लागतोय गं," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, आणि मलाही स्वतःचं कौतुक वाटत होतं.

उताराच्या तोंडाशी त्यांचा हात चावीकडे गेला. गाडीतला आवाज एकदम बंद झाला.

"नाना, चावी!" मी ओरडले.

"तुझी मशीन बॅटरीवर चालती ना? मग बघू की."

वळणावर माकडांचं टोळकं रस्त्यात बसलं होतं. नानांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि पॅडल हललंच नाही. त्यांनी दोन्ही पाय लावले. मी सीटच्या मधून वाकून हँडब्रेक ओढला, त्यांनी कसाबसा दुसरा गिअर टाकला. गाडी हिसके खात कडेच्या मुरमात घुसली आणि माकडांच्या अलीकडे थांबली. माकडं जागची हललीसुद्धा नाहीत. नारळ सीटखाली गडगडत गेला होता. तो शोधायला मी वाकले आणि मला आईचा उजवा पाय दिसला. लुगडं आवळून धरून ती टाच खाली रेटत होती, बरोबर त्या भोकात. गाडी थांबली होती तरी रेटत होती.

उंदराने खाल्लं म्हणे! इतकी वर्षं, प्रत्येक उताराला, ही बाई शेजारी बसून पायाने गाडी अडवत होती. तिच्या बाजूला ब्रेक नाही हे तिला काय माहीत नव्हतं? आणि नानांनी त्या उतारांवर वाचवून वाचवून पेट्रोल वाचवलं किती? चहाच्या कपात मावलं असतं.

"तुझ्या मशीनचं काय खरं न्हाय," नाना घाम पुसत म्हणाले.

नारळ तसाच ठेवून, त्यांना बाजूला बसवून, इंजिन चालू ठेवून गाडी मी स्वतः गॅरेजात आणली. मेकॅनिकने सगळं ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, "पर ताई, उतारावर चावी बंद कोण करतंय?" कोण करतंय! त्याची स्वतःची पिकअप रोज तशीच उतरते, हे अख्ख्या रस्त्याला माहीत आहे. मी बॉनेट उघडून वायर बोटाने धरत मागे गेले. मुख्य वायर चावीवरून घेतली होती. चावी बंद की बूस्टर मेला. मी त्याच्यावर आवाज चढवला तसा तो नानांकडे बघायला लागला.

"नानांनीच सांगितलं. डायरेक्ट दिली तर बॅटरी उतरंल म्हनले."

नाना टायरकडे बघत उभे राहिले. रोज रात्री बॅटरीची वायर काढून ठेवणारा माणूस तो, मला कळायला हवं होतं की काय? नाही, मला का कळायला हवं होतं? मी ब्रेक मागितला होता. या दोघांनी चहा पीत बॅटरी वाचवली. मागे आणि शेजारी कोण बसणार, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. मी म्हटलं, "नाना, बॅटरी दुकानात मिळती. आई कुठं मिळती ते सांगा."

वायर मी समोर उभी राहून बदलून घेतली, फ्यूज माझ्या हाताने बसवला. मग चावी काढून मुठीत धरली आणि ब्रेक दाबला. पुढून मोटरचा बारीक आवाज आला आणि पॅडल अलगद खाली गेलं.

राहिलेला नारळ फोडायला पुढच्या सोमवारी पुन्हा निघायचं ठरलं. त्या दिवशी नाना आधीच गाडीत जाऊन बसले होते. "चल की. आता चावी बंद केली तरी ब्रेक लागतोय," त्यांनी आईला मोठ्या रुबाबात सांगितलं. आई दाराला हात लावून उभी राहिली.

"मशीनवर माझा भरवसा हाय," ती म्हणाली. "तुमच्यावर न्हाय."

मी तिच्या तोंडून असं काही कधी ऐकलं नव्हतं. नानांनीही ऐकलं नसावं. ती आत बसली, दार ओढून घेतलं आणि समोर बघत राहिली. येडशी मागे पडली. उताराच्या तोंडाशी नानांचा हात उचलला गेला, चावीपर्यंत गेला आणि परत स्टिअरिंगवर आला. इंजिन खालपर्यंत चालू राहिलं. त्या रस्त्याने उतरताना तो आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते.

खाली गाडी लावल्यावर नाना नारळ घेऊन पुढे गेले. मी डिकीतून नवीन मॅट काढलं आणि आईच्या पायाखालचं जुनं ओढायला लागले. तिने पाय उचलला नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हितं मला पायाची जागा ठाव हाय."