घेण्यास नकार

चहा आधी संपवा, मग सांगतो. हे ऐकताना आमच्या साडूंना असा ठसका लागला होता की पाठ चोळावी लागली! आणि खुशाल हसा. माझ्या अकलेवर हसायला आता कुणाची परवानगी लागत नाही.

तर मी अंबडला पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत होतो. क्वालिटी इन्स्पेक्टर. आलेला माल तपासायचा, खोट दिसली की रिजेक्ट. नऊ वर्षं हेच केलं. मग सिन्नरच्या एका कंपनीने चांगली जागा देऊ केली. रीतसर राजीनामा दिला, ठरलेला महिना भरला, पेढे वाटले. सिन्नरवाल्यांची अट एकच, एक तारखेच्या आत जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, आणा. ते मेलवर येईल असं मी आपलं गृहीत धरलं.

इथे शेजारचे सोनवणे काका मध्ये पडले.

"करारात काय लिहिलंय रे तुझ्या?"

"कुणाला माहीत! अकरा पानं होती, अकरा सह्या ठोकल्या."

कपाटातून करार काढला. काकांनी चष्मा लावला आणि सातव्या पानावर बोट ठेवलं. नोकरी सोडल्यावर एक वर्ष तसाच माल बनवणाऱ्या कंपनीत जायचं नाही.

"सिन्नरला काय बनवतात?"

"पंप."

"मेलास! आता वकिलाची नोटीस येणार. पण घाबरू नको. पाकीट घ्यायचंच नाही. घेतलं नाही तर नोटीस लागूच होत नाही! आमच्या थोरल्या भावाने वाटणीच्या भांडणात वर्ष काढलं असं."

आता हे कुणाला पटेल? मला पटलं!

चौथ्या दिवशी पोस्टमन शिंदेभाऊ दारात. हातात पाकीट, कोपऱ्यात आमच्या कंपनीचा शिक्का.

"सही करा भाऊ."

"ते इथे राहत नाहीत," मी म्हणालो.

"अहो, तुम्हीच तर ते! दिवाळीला तुमच्या हातची चकली खाल्ली म्या!"

"मग घेत नाही. परत पाठवा!"

आठवड्याने तसंच दुसरं पाकीट आलं. यावेळी मी गच्चीवर, टाकीमागे. बायकोने दारात सांगितलं, "ते त्र्यंबकला गेलेत." शिंदेभाऊ शांत माणूस. त्यांनी पाकिटावरचा नंबर फिरवला. आणि टाकीमागे माझा फोन, काय सांगू तुम्हाला, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा वाजला!

"त्र्यंबक लय जवळ आलं हो वहिनी," शिंदेभाऊ म्हणाले आणि पाकिटावर 'घेण्यास नकार' लिहून गेले.

त्या रात्री बायकोने माझं ताट गच्चीवरच पाठवलं. बरोबरच होतं तिचं.

इकडे एक तारीख पाच दिवसांवर आली. सिन्नरहून फोन, "लेटर कुठेय? नाहीतर दुसरा माणूस घेतो." मुलीची फी, घराचा हप्ता, सगळं डोळ्यांसमोर. मग रागच आला. कंपनी मुद्दाम लेटर अडवते म्हणजे काय! काकांच्या ओळखीचा वकील गाठला आणि कंपनीलाच नोटीस धाडली. 'आमच्या अशिलाचे पत्र आपण दुष्ट हेतूने दाबून ठेवले आहे!' वाचून माझीच छाती फुगली.

दोन दिवसांत एचआरच्या कुलकर्णी मॅडमचा फोन. "समोर या जरा."

गेलो. टेबलावर माझी नोटीस आणि शेजारी दोन पाकिटं. दोन्ही ओळखीची.

"तुमची नोटीस आम्ही आल्या आल्या सही करून घेतली हो," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मात्र तुमचं रिलीव्हिंग लेटर दोनदा परत केलंत."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ना, तसंच!

"पण मॅडम, सातवं पान... आणि शेजारचे काका म्हणाले, पाकीट घेतलं नाही तर नोटीस लागूच होत नाही..."

"ते डिझाइनवाल्यांसाठी. तुम्हाला लागू नाही, असं आठव्या पानावर लिहिलंय. आणि पाकीट नाकारलं तरी नोटीस पोचली असंच धरतात, तेवढं तुमच्या काकांना सांगा."

मी हात जोडले, तिथेच नोटीस मागे घेतली. मॅडमनी हसत पाकीट फोडून दिलं. खरंच भली बाई. लेटर छातीशी धरून मी निघालो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

एक तारखेला सिन्नरला हजर. नव्या साहेबांनी लेटर घेतलं आणि सगळ्या डिपार्टमेंटसमोर मोठ्याने वाचलं, "अत्यंत दक्ष कर्मचारी. उघडून तपासल्याशिवाय कोणतीही वस्तू नाकारत नाहीत."

"वा!" साहेब म्हणाले. "असाच माणूस हवा होता आम्हाला!"

मी खाली मान घालून म्हणालो, "हो सर."